महामायाची हजेरी

१

माझी हजेरी चार मिनिटांत आटोपते. सहावीचा वर्ग, तेवीस मुलं. आधी मुलगे, मग मुली. मी मान वर करत नाही. नाव घ्यायचं, "हजर बाई" ऐकायचं, खूण करायची, पुढचं नाव. अकरा वर्षं याच शाळेत आहे, त्यामुळे एखाद्याचा दोस्त त्याच्या जागी बोलला तर मला आवाजावरून कळतं.

शाळा अमडापूरहून पाच किलोमीटर आत आहे. मी चिखलीहून स्कूटीवर येते. त्या दिवशी बुधवार होता, जुलैचा दुसरा आठवडा. निंदणाचे, खुरपणीचे दिवस. गावात म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी उरलेलं नव्हतं, सगळे वावरात. परिपाठ झाला, मुलं वर्गात येऊन बसली आणि मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

सतरावं नाव महामायाचं.

"महामाया."

"हजर बाई."

मी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. "मयुरी."

उत्तर आलं नाही. मयुरी कधी चुकत नाही, म्हणून मी पुन्हा नाव घेतलं. तरी गप्प. तेव्हा मी मान वर केली. मयुरी शेजारच्या जागेकडे बघत होती. त्या जागेवर महामाया बसते. जागा रिकामी होती.

"महामायाच्या नावाला कोण बोललं?" मी विचारलं.

मागच्या ओळीतली मुलं म्हणाली, आम्ही काहीच ऐकलं नाही. पुढच्या दोघी जणी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मयुरी हळूच म्हणाली, "बाई, महामाया आलीच नाही आज."

"मग हजर कोण म्हटलं?"

"मले माहीत नाही बाई. पण तिचाच आवाज होता."

२

मुलांनी थट्टा केली असेल, असं मी ठरवलं. रजिस्टरमधली खूण खोडली, वर सही केली आणि फळ्यावर अपूर्णांकांचं गणित लिहिलं.

गणित अर्धं झालं आणि हातातला खडू थांबला. तो आवाज मला आता नीट आठवत होता. ऐकताना माझं लक्ष नव्हतं, पण कानाने तो ठेवून घेतला होता. "हजर" मधलं शेवटचं अक्षर नीट निघालं नव्हतं. जीभ जड झालेल्या माणसाचा आवाज होता तो, दात काढायला इंजेक्शन दिल्यावर येतो तसा. आणि तो वर्गातल्या मुलाचा वाटत नव्हता. उभं राहून किंवा बसून बोललेला नव्हता. कोणीतरी पडून बोललं होतं.

"मयुरी, महामाया काऊन नाही आली?"

"सात वाजता मी त्यांच्या घरी दूध घालाले गेल्ती. तिची माय म्हणे, पहाटपासून पोट दुखून राह्यलं तिचं. आज नाही येत."

बारा वर्षांची पोर, पोट दुखतंय, घरी राहिली. यात काही विशेष नव्हतं. मी स्वतःला तसं समजावलं आणि गणित पूर्ण केलं. मुलांनी ते वहीत उतरवायला घेतलं. वर्ग इतका शांत होता की बाहेर शाळेच्या स्वयंपाकघरात कलाबाई तांदूळ पाखडत होत्या, तेही ऐकू येत होतं. त्या शांततेत मला वाटलं, आता पुन्हा कोणी बोलेल. ती भीती माझ्याने सहन झाली नाही. खरं सांगायचं तर पोरीच्या काळजीने मी उठले नाही. त्या वर्गात बसवेना म्हणून उठले.

मुख्याध्यापक महादेवरावांना म्हटलं, जरा वर्गावर लक्ष ठेवा, महामायाच्या घरी जाऊन येते. कलाबाईंचं घर त्याच बाजूला. त्यांनी हात पदराला पुसले आणि त्या माझ्याबरोबर निघाल्या.

३

महामायाचं घर गावातलं शेवटचं. विटांच्या दोन खोल्या, वर टिनं, आणि मागून लगेच सोयाबीनची वावरं. बाप अश्वजित बांधकामावर मिस्त्री आहे, तेव्हा तो जळगाव जामोदला कामावर होता. माय प्रतीक्षा दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेलेली.

दाराला बाहेरून कडी होती.

"शेळ्या घुसतात म्हणून लावते तिची माय," कलाबाई म्हणाल्या.

मी कडीला हात घातला आणि थांबले. आत कोणी बोलत होतं. बाईचा आवाज होता, हळू, एका चालीतला. एक शब्द, मग थोडं थांबणं, मग पुन्हा एक शब्द. शब्द कळत नव्हता.

"टीव्ही चालू आहे वाटते," मी म्हटलं.

कलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "लाइन तर सकाळपासून गेली आहे बाई."

मी कडी काढली. त्या आवाजाबरोबर आतलं बोलणं थांबलं.

पहिल्या खोलीत कोणी नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली वह्या, दप्तर. दुसऱ्या खोलीत खिडकी नव्हती. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. जमिनीवर गोधडी होती आणि गोधडीवर महामाया डाव्या कुशीवर झोपलेली होती. वरचा गुडघा वाकवून पुढे ठेवलेला, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. तोंडाखाली टॉवेलची घडी होती. ती लाळेने भिजली होती.

मागच्या वर्षी चिखलीला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. बेशुद्ध माणसाला कसं झोपवायचं याचं चित्र त्यात दाखवलं होतं. महामाया अगदी त्या चित्रातल्यासारखी होती.

मी तिच्या जवळ बसले. "महामाया."

ओठ हलले. आवाज नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. मी बोटाने एक पापणी उचलली, सोडली, ती खाली पडली. मान उचलायला गेले तर मान लोंबकळली.

"उपाशी असन पोरगी," कलाबाई म्हणाल्या. "लिंबाचं पाणी करू का?"

"नको. पाण्याचा थेंबही देऊ नका. तिला गिळता येत नाही."

प्रशिक्षणात तेही सांगितलं होतं. मण्यार रात्री अंथरुणात येते. चावलेलं कळत नाही, सूज नाही, रक्त नाही. पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग जीभ, मग श्वास. मी तिचे पाय, हात, मान, कानामागे सगळं पाहिलं. कुठेच काही नव्हतं.

"खूण तर कुठीच नाही बाई," कलाबाई म्हणाल्या. "शेजारच्यांना बोलवू का? भगताले तरी दाखवतील."

मीही क्षणभर डगमगले. खूण नाही, साप कोणी पाहिला नाही. पोटदुखीवर मी दुसऱ्याची पोर उचलून न्यायची, आणि काही नसलं तर? मग मला तो जड जिभेचा "हजर" आठवला. वर्गात ऐकला तेव्हा घराच्या दाराला कडी होती.

"कलाबाई, पाय धरा," मी म्हटलं. "कुशीवरच ठेवायची."

४

एकशे आठला फोन केला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, यायला वेळ लागणार होता. चौकात कडूबाची जीप चिखलीच्या सवाऱ्या भरत उभी होती. कडूबा पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. त्याने पोरीकडे एकदा पाहिलं आणि सवाऱ्यांना म्हणाला, "उतरा." कोणी कुरकुर केली नाही. एका म्हातारीने स्वतःचं लुगड्याचं बोचकं पोरीच्या पाठीला टेकू म्हणून दिलं.

मी मागे खाली बसले. महामाया सीटवर, तशीच कुशीवर. कलाबाईंनी तिचे पाय मांडीवर घेतले होते आणि फोनवरून प्रतीक्षाचा शोध चालवला होता. जीप खड्ड्यांतून जात होती. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला.

श्वास होता. लहान, ओला, घशात घरघरणारा.

अमडापूर मागे पडलं तेव्हा मला जाणवलं की मी दोन श्वास ऐकते आहे. एक महामायाचा, विरळ होत चाललेला. दुसरा संथ, मोकळा, एका लयीत. मला वाटलं माझाच असेल. मी माझा श्वास रोखून धरला. दुसरा चालूच राहिला. कलाबाईंचा म्हणावा तर त्या पलीकडे मोठ्याने फोनवर बोलत होत्या. आवाज माझ्या गालाजवळून येत होता, पोरीच्या डोक्यापाशी, जिथे माझं डोकं सोडून दुसरं डोकं मावण्याइतकी जागा नव्हती.

मी त्या बाजूला बघितलं नाही. बघायला मान वळवावी लागली असती, आणि कान पोरीच्या तोंडापासून दूर गेला असता. हेच कारण होतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते.

एकदा महामायाचा श्वास थांबला. मी तिला हलवलं, नाव घेतलं. दुसरा श्वास तेव्हा थोडा मोठा झाला, एखाद्या मुलाला पाढा विसरल्यावर आपण जरा मोठ्याने पुढचं म्हणतो तसा. आणि महामायाने त्याच्या मागोमाग श्वास घेतला. मग पुन्हा एक. मग पुन्हा.

असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. चिखलीच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात जीप थांबली, शिपायाने स्ट्रेचर आणलं, आम्ही तिला उचललं. जीपमध्ये नुसतं इंजिन वाजत राहिलं.

५

ड्युटीवर तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पापण्या पाहिल्या, पोरीला हात दाबायला सांगितलं, तिला दाबता आला नाही. "मण्यार," त्या म्हणाल्या. मी खूण सापडली नाही म्हणून सांगू लागले तर त्यांनी मान हलवली. "नसतेच दिसत. किती वाजता उठली ती पोटदुखीने?"

"पहाटे म्हणतात."

पुढचा अर्धा तास मी भिंतीला टेकून पाहत होते. सलाइन लागली, त्यातून सापाच्या विषावरची औषधं गेली. श्वास पुरेनासा झाला तेव्हा मॅडमनी घशात नळी घातली. एक सिस्टर रबरी फुगा दाबून तिला हवा देऊ लागली. तेवढ्यात मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही आई?"

"शिक्षिका."

"तिला कुशीवर कोणी वळवलं?"

"आम्ही गेलो तेव्हा ती तशीच होती."

"स्वतः वळणं शक्य नाही. सकाळी नऊनंतर तर नाहीच." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "कोणीतरी वळवलंय. पाठीवर असती तर लाळ श्वासनलिकेत गेली असती. तुम्ही पोहोचायच्या आधीच संपलं असतं. ज्याने कोणी केलं ना, त्याला माझ्याकडून धन्यवाद सांगा."

मी हो म्हटलं.

दुपारी ॲम्ब्युलन्सने तिला बुलढाण्याला नेलं, तिथे व्हेंटिलेटर होता. प्रतीक्षा तिथेच येऊन पोहोचली, वावरातून जशीच्या तशी, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. ती रडली नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसली आणि हात जोडून खाली बघत राहिली. तिला काही विचारायची ती वेळ नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. दुपारचे तीन वाजले असतील. रात्री उशिरा पोहोचलेला अश्वजित प्रतीक्षाला बळेच चहाला घेऊन खाली गेला होता. दाराबाहेरच्या बाकावर मी आणि कलाबाई.

दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता. आत यंत्राचा एकसारखा आवाज. बाकावर बसून मला काचेतून फक्त पलंगाची वरची कड आणि सलाइनची बाटली दिसत होती. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा काचेत एक बाई पाठमोरी उभी होती. महामायाच्या पायथ्याशी. अंबाडा, खांद्यावर नीट लावलेला पदर. डाव्या पायावर भार देऊन उभी, कोपर जरा वर, छातीशी काही धरल्यासारखं. तिची मान हलत होती. किंचित खाली, मग वर. खाली, वर.

उभं राहण्याची ती ढब मला ओळखीची होती, पण कोणाची ते लक्षात येईना. इतकी ओळखीची की भीती वाटायच्या आधी मला संकोच वाटला.

शेजारी कलाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या काचेकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे. पुन्हा माझ्याकडे. मग बसल्या आणि माझा हात घट्ट धरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही अठीच आहा ना? बसून राहा."

मी काचेतलं माझंच प्रतिबिंब पाहिलं असेल, हे मला लगेच सुचलं. व्हरांड्यात ऊन होतं, काच काळपट होती. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. मी बसलेली होते.

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आली. आत कोण नातेवाईक आहे, मी विचारलं. "नातेवाईकांना चारशिवाय सोडत नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून आनंदाने म्हणाली, "पेशंटने आत्ता बोट हलवलं. मी सरांना सांगायला चालले."

७

पाचव्या दिवशी नळी काढली. त्याच दिवशी गावात सर्पमित्राने त्यांच्या घरातल्या धान्याच्या कोठीमागून मण्यार धरली, हातभर लांब. सातव्या दिवशी महामायाला साध्या वॉर्डात आणलं आणि मला तिच्याशी बोलता आलं. तिचा आवाज बसलेला होता. उशाशी तिने मयुरीने पाठवलेली चिठ्ठी ठेवली होती.

"तुला काही आठवतं का गं?"

"सगळं आठवते बाई. डोळे उघडत नव्हते, पण मी झोपली नव्हती. मले सगळं ऐकू येऊन राह्यलं होतं."

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मण्यारीत असं होतं म्हणून. "भीती वाटली?"

"आधी वाटली. आई गेली, कडी लावली, न् मग मले हात हलवता येईना. मग तुम्ही आल्या."

"कलाबाई आणि मी."

"नाही. त्याच्या लय आधी. तवा तुम्ही एकट्याच होत्या." ती सहज सांगत होती. "तुम्ही मले कुशीवर केलं. मग हजेरी घ्याले बसल्या. मले झोप यायची, की तुम्ही माझं नाव घ्यायच्या. मी हजर म्हणायची. तोंड हलत नव्हतं, तरी म्हणायची. तुम्हाले ऐकू जाय ना?"

मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. सकाळी नऊपर्यंत मी चिखलीत माझ्या घरी पोळ्या लाटत होते. "जायचं," मी म्हटलं. "एकदा तर चांगलं ऐकू आलं."

ती खूश झाली. "दवाखान्यातही तुम्हीच घेतली हजेरी. पण तठी आणखी नावं होती. आपल्या वर्गातली नव्हती ती."

"सिस्टर पेशंटची नावं घेत असतील बाळा. तुला तीच ऐकू आली असतील."

"शेखर होता एक."

शेजारच्या पलंगावर विंचू चावलेला शेखर नावाचा मुलगा होता. मला हायसं वाटलं. बघ, तो हाच, असं मी तिला म्हणणार होते.

"न् एक पुंजाजी होता," महामाया म्हणाली. "बाई, असं नाव आता कोणाचं राह्यते का?"

"लहान मुलाचं नाही ठेवत आता कोणी."

"लहानच होता तो. तुम्ही त्याले रागावल्या नाही. त्याचं नाव तुम्ही लय वेळ घेतलं. पुन्हा पुन्हा."

"मग? तो हजर म्हणाला?"

ती चिठ्ठीची घडी उलगडत, घालत राहिली. "नाही," ती म्हणाली. "तो नाही बोलला. मग तुम्ही थोडा वेळ गप्प होत्या. मग माझं नाव घेतलं."

मी तिचे केस सारखे केले. वर्गात मी एक नाव दोनदा घेते. तिसऱ्यांदा कोणाचंच घेत नाही, गैरहजेरी मांडते. ही सवय मी त्या दिवसापासून मोडली.

८

ऑगस्टच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेले. महामाया आठवडाभरापासून शाळेत येऊ लागली होती, पण मला प्रतीक्षाला भेटायचं होतं. घरात आता दोन खाटा होत्या, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. अश्वजितने स्वतः भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. महामाया अंगणात मयुरीबरोबर खेळत होती. तिच्या हसण्याचा आवाज आत येत होता आणि प्रत्येक वेळी प्रतीक्षा हातातलं काम थांबवत होती.

तिने चहा दिला आणि माझ्यासमोर बसली.

"बाई, एक गोष्ट मनात ठेवून होती मी. तुमच्यापाशी कबूल कराले पाहिजे."

"बोल ना."

"त्या दिवशी पोरीचं पोट दुखून राह्यलं होतं, तरी मी गेली वावरात. तठी मन लागत नव्हतं. आठ-साडेआठले उठली मी, म्हटलं जाऊन पाहून येतो. न् बांधावर आली तं तुम्ही दिसल्या."

मी कप खाली ठेवला.

"ह्या मागच्या धुऱ्यावरून तुम्ही आमच्या घराकडे जाऊन राह्यल्या होत्या. तोंड नाही दिसलं, पण चाल तुमचीच. मी आवाज दिला, तुम्हाले ऐकू नाही गेला. पायात चपला नव्हत्या तुमच्या. एवढ्या चिखलात इतक्या भरभर चालल्या होत्या की मले वाटलं, बाईले शाळेचं काही तातडीचं काम असन. तुम्ही दार उघडून आत गेल्या. म्हटलं, बाई आहेत घरात, आता काही चिंता नाही. न् मी परत निंदाले बसली."

दार उघडं होतं. तिथून बांध दिसत होता, वावरांमधला पायवाटेचा धुरा दिसत होता, त्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेएवढं झालेलं सोयाबीन. मी तिकडे बघायचं टाळलं.

"मी आली असती ना बाई," प्रतीक्षा म्हणाली, "तं मी तिचं पोट चोळत बसली असती. ओवा दिला असता, पाणी पाजलं असतं. मग सासूबाईनं सांगतलं म्हणून भगताकडे नेली असती. मले डॉक्टरीन बाईनं सांगतलं, पाण्यानंच गेली असती पोरगी. तुम्ही दिसल्या नसत्या तं मी घरी आली असती, न् माझ्या हातानं..." ती थांबली. "तुम्ही कोणालेच सांगतलं नाही, सकाळीच आल्त्या म्हणून. कडी लावून गेल्या, मग गाडी घेऊन परत आल्या. मी समजली. माझा कमीपणा दिसू नये म्हणून नाही सांगतलं तुम्ही."

मला खरं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण या घरात ती पोर रोज झोपणार होती, आणि ही बाई रोज सकाळी कडी लावून वावरात जाणार होती. सकाळी आत आलेली मी नव्हते, हे ऐकल्यावर तिने ते कसं केलं असतं?

आणि दुसरंही एक होतं. डॉक्टर मॅडमनी धन्यवाद सांगा म्हटलं होतं, ते मी दीड महिना जवळ घेऊन फिरत होते. रात्री दिवा मालवताना भीती वाटायची, अजूनही वाटते. माझा आवाज, माझी उभं राहण्याची ढब घेऊन कोणी फिरत असेल तर ते कुठे जातं, कोणाकोणाची नावं घेतं, हे माझ्या मनातून जात नाही. पण त्या भीतीखाली दुसरं काही इतकं मोठं होतं की तिला जागाच पुरत नव्हती. बाहेर महामाया हसत होती.

"हो," मी म्हटलं. "मीच होते."

प्रतीक्षा उठली आणि माझ्या पायांवर वाकली. मी कोणाला पाया पडू देत नाही, विद्यार्थ्यांनाही नाही. त्या दिवशी मी पाय मागे घेतले नाहीत. तिचे तळवे गरम होते, निंदणाने खरखरीत झालेले. तिला हवा तेवढा वेळ मी तशीच बसून राहिले.